घोळक्याच्या मागून धावणाऱ्यांसाठी: लांब पल्ल्याच्या रस्ता-शर्यतींबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान १० किलोमीटर, हाफ मॅरेथॉन आणि मॅरेथॉनमध्ये शेवटच्या गटात धावणाऱ्यांसाठी आहे. म्हणजे एका किलोमीटरला साधारण साडेआठ ते साडेदहा मिनिटं लागणाऱ्यांसाठी, मग ते सलग धावोत किंवा मध्ये मध्ये चालोत. शर्यतींबद्दलचा बहुतेक सल्ला दीड-दोन तासांत हाफ संपवणाऱ्यांना डोळ्यांपुढे ठेवून दिलेला असतो. तुम्ही त्याच रस्त्यावर त्यांच्या दुप्पट वेळ असता. तुमचं पाणी, खाणं, ऊन, घासणारे कपडे, मोकळे होणारे रस्ते या सगळ्याचा हिशोब किलोमीटरमध्ये न करता तासांत करावा लागतो. खालची उत्तरं त्या हिशोबाने लिहिली आहेत.

नोंदणी करण्यापूर्वी

मी शर्यतीत उतरण्याइतका वेगवान आहे का?

याचं उत्तर फक्त त्या शर्यतीची कट-ऑफ वेळ, म्हणजे शर्यत पूर्ण करण्याची शेवटची मुदत, देते. दुसऱ्या कुणाचं मत यात धरू नका. कट-ऑफला अंतराने भागा, लागणारा सरासरी वेग मिळेल. १० किलोमीटरला ९० मिनिटं असतील तर किलोमीटरला ९:०० (९ मिनिटं ० सेकंद). हाफला (२१.०९७५ किमी) ३ तास असतील तर ८:३२ आणि साडेतीन तास असतील तर ९:५७. फुल मॅरेथॉनला (४२.१९५ किमी) ६ तास म्हणजे पुन्हा ८:३२, आणि ७ तास म्हणजे ९:५७.

हा आकडा मात्र कागदावरचा आहे. प्रत्यक्षात त्यातून तीन गोष्टी वजा होतात. समजा हाफची कट-ऑफ साडेतीन तास आहे आणि ती सुरुवातीच्या बंदुकीपासून मोजली जाते. मागून निघाल्यामुळे रेषा ओलांडायला ५ मिनिटं गेली. स्वच्छतागृहात आणि पाण्यापाशी मिळून ४ मिनिटं गेली. वळणं बाहेरून घेतल्यामुळे प्रत्यक्ष अंतर २१.४ किमी भरलं. आता हातात २०१ मिनिटं उरली आणि लागणारा वेग झाला ९:२४. कागदावरच्या ९:५७ पेक्षा हा किलोमीटरला ३३ सेकंदांनी जलद आहे. मागच्या गटातले बरेच जण याच फरकात अडकतात. सरावाच्या लाँग रनमध्ये (आठवड्यातल्या सर्वांत लांब धावेत) ९:१५च्या आसपास आरामात जमत असेल तर निर्धास्त नोंदणी करा. ९:४५ला धाप लागत असेल तर जास्त वेळ देणारी शर्यत निवडा किंवा कमी अंतर घ्या.

सगळं अंतर चालून पूर्ण करता येईल का?

९:५७ प्रतिकिलोमीटर म्हणजे ताशी ६ किलोमीटर. झपाझप चालणारा माणूसही साधारण ताशी ५ ते ६ किमी जातो, आणि तो वेग साडेतीन तास टिकवणं अवघड असतं. त्यामुळे साडेतीन तासांच्या हाफमध्ये केवळ चालण्यावर भिस्त ठेवू नका. हाफला चार तास किंवा त्याहून जास्त वेळ देणाऱ्या, चालणाऱ्यांचं उघड स्वागत करणाऱ्या शर्यतीही असतात. त्या शोधा.

आयोजकांना आधी काय विचारावं?

माहितीपत्रकात बहुधा एकच आकडा असतो: 'कट-ऑफ अमुक तास'. तेवढ्यावर विसंबू नका. ईमेलने हे विचारा आणि लेखी उत्तर जपून ठेवा:

- कट-ऑफ बंदुकीपासून मोजतात, की शेवटच्या धावपटूने सुरुवातीची रेषा ओलांडल्यापासून?
- वाटेत कट-ऑफ आहेत का? कुठल्या किलोमीटरला आणि किती वाजता?
- रस्ते वाहतुकीला किती वाजता खुले होतात?
- शेवटच्या धावपटूपर्यंत पाण्याची टेबलं लागलेली असतात का?
- मागे पडलेल्यांना गाडीत बसवतात, की स्वतःच्या जबाबदारीवर पुढे जाऊ देतात?
- अंतिम रेषेवरची टायमिंग मॅट (धावपटूची वेळ नोंदवणारी रस्त्यावरची पट्टी) कधी उचलतात?

यातला दुसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. हाफची एकूण मर्यादा साडेतीन तास असूनही १० किमीला १ तास ३५ मिनिटांची अट असेल, तर पहिल्या १० किमीसाठी लागणारा वेग ९:३० होतो. एकूण सरासरीपेक्षा तो जलद आहे. असं ठरवण्यामागे बहुधा एखादा पूल किंवा मोठा चौक लवकर मोकळा करायचा असतो. हे आधी माहीत असेल तर पहिल्या भागाची आखणी वेगळी करता येते. आयत्या वेळी कळलं तर काहीच करता येत नाही.

शर्यत माझ्यासारख्यांना सामावून घेणारी आहे हे कसं ओळखावं?

मागच्या वर्षीचे निकाल उघडा आणि थेट शेवटच्या पानावर जा. साडेतीन तासांच्या हाफमध्ये ३:१० ते ३:३० या वेळेत तीस-चाळीस नावं असतील तर तुम्हाला सोबत मिळेल आणि आयोजकांनाही शेवटपर्यंत थांबण्याची सवय आहे असं समजा. शेवटचं नावच २:५०चं असेल तर शेवटचा तासभर तुम्ही एकटे धावणार आहात. तरीही जायला हरकत नाही, पण पाणी आणि रस्त्याची माहिती स्वतःजवळ ठेवून जा. दोन फेऱ्यांच्या मार्गावर मागच्यांना पाणी आणि माणसं जास्त वेळ मिळतात, कारण पुढचे धावपटूही त्याच टेबलांवरून पुन्हा जातात. एकाच दिशेने जाणाऱ्या मार्गावर टेबलं मागून मागून बंद होत येतात.

गन टाइम आणि चिप टाइम यात फरक काय?

गन टाइम बंदुकीपासून सुरू होतो. चिप टाइम तुमच्याजवळच्या वेळ नोंदवणाऱ्या चिपने तुम्ही सुरुवातीची मॅट ओलांडल्यापासून. बक्षिसं बहुतेक ठिकाणी गन टाइमवर ठरतात, तुमच्या प्रमाणपत्रावर चिप टाइम असतो. मागच्या माणसाला अडचण येते ती कट-ऑफ गन टाइमवर असली की. दक्षिण आफ्रिकेतली कॉम्रेड्स ही सुमारे ९० किलोमीटरची शर्यत तिच्या १२ तासांच्या काटेकोर मर्यादेसाठी ओळखली जाते. तिथे शेवटची बंदूक वाजवणारा अधिकारी येणाऱ्या धावपटूंकडे पाठ करून उभा राहतो. तुमची शर्यत इतकी कडक नसेलही, पण घड्याळ कोणतं धरायचं हे आधीच पक्कं करा.

माझं घड्याळ हाफला २१.४ किमी दाखवतं. मार्ग चुकीचा मोजलाय का?

बहुधा नाही. प्रमाणित मार्ग अंतर मोजण्यासाठी जुळवलेल्या सायकलने मोजतात. पुढच्या चाकाला बसवलेला काउंटर चाकाचे फेरे मोजतो. वळणावर रस्त्याच्या कडेपासून ३० सेंटिमीटरवरून, म्हणजे शक्य तितक्या जवळच्या रेषेने मोजणी होते. मार्ग चुकूनही कमी भरू नये म्हणून त्यात वर हजारात एक भाग जास्त धरतात. किलोमीटरमागे एक मीटर, फुल मॅरेथॉनला सुमारे ४२ मीटर. तुम्ही मात्र वळणं बाहेरून घेता, पाण्याच्या टेबलाकडे तिरके जाता, घोळक्याला वळसा घालता. शिवाय उंच इमारती आणि झाडांखाली जीपीएस भरकटतं.

यातून शिकायचं ते एवढंच: घड्याळावरच्या सरासरी वेगावर कट-ऑफचा हिशोब बांधू नका. घड्याळ ९:५० दाखवत असलं तरी रस्त्यावरच्या किलोमीटरच्या फलकांच्या हिशोबाने तुम्ही ९:५८वर असू शकता. मनगटावर किंवा बिबच्या (छातीवर लावायच्या क्रमांकाच्या कागदाच्या) मागे ५, १०, १५ आणि २० किमीच्या फलकापाशी किती वाजलेले असावेत ते लिहून ठेवा. अंतराच्या फलकावर घड्याळाचे काटे बघणं ही सर्वांत भरवशाची पद्धत आहे.

तयारी

लाँग रन किती लांब करावा?

वेळेत मोजा. दोन तासांत हाफ धावणाऱ्यासाठी १८ किमीचा लाँग रन पावणेदोन तासांत संपतो. तुम्हाला तोच तीन तास लागेल, आणि तीन तासांच्या थकव्यातून सावरायला लागणारे दिवस वेगळे. हाफसाठी सर्वांत लांब लाँग रन अडीच ते पावणेतीन तासांचा पुरतो, शर्यतीच्या तीन आठवडे आधी, एकदाच. फुल मॅरेथॉनसाठी आम्ही साडेतीन तासांच्या वर जाण्याचा सल्ला देत नाही. त्यापुढे दुखापतीची शक्यता वाढते आणि पुढच्या आठवड्याचा सराव हातचा जातो. त्याऐवजी शनिवारी दीड तास आणि रविवारी अडीच तास असे जोडून केलेले रन थकलेल्या पायांची सवय लावतात.

आठवड्यात तीन रन पुरेत: एक लांब, एक सावकाश ४० ते ५० मिनिटांचा, आणि एक असा की ज्यात मध्ये ४ ते ६ वेळा ३-३ मिनिटं नेहमीपेक्षा जोर लावायचा. या जोरकस रनला संथ धावणारे सहसा टाळतात, पण कट-ऑफच्या काठावर असलेल्यांना खरा फायदा त्यातूनच मिळतो. शिवाय आठवड्यातून दोनदा २० मिनिटं पोटऱ्या, मांड्या आणि कंबरेचे व्यायाम. संथ धावताना प्रत्येक किलोमीटरला पावलं जास्त पडतात, आणि तो भार याच स्नायूंवर येतो.

धाव-चाल पद्धतीने वेळ खरंच सुधारते का?

मागच्या गटातल्या बहुतेकांची सुधारते. ही पद्धत लोकप्रिय केली ती १९७२च्या ऑलिंपिकमध्ये १०,००० मीटर धावलेले अमेरिकन धावपटू जेफ गॅलोवे यांनी. तत्त्व असं की दमण्याआधीच चालायचं. बरेच जण दमल्यावर चालतात आणि मग पुन्हा धावणं सुरूच होत नाही.

हिशोब करून बघा. तुम्ही ८:०० वेगाने धावता आणि ११:०० वेगाने झपाझप चालता असं धरू.

- १ मिनिट धाव, १ मिनिट चाल: सरासरी सुमारे ९:१६
- २ मिनिटं धाव, १ मिनिट चाल: सुमारे ८:४८
- ४ मिनिटं धाव, १ मिनिट चाल: सुमारे ८:२८

म्हणजे निम्मा वेळ चालूनही साडेतीन तासांच्या हाफची कट-ऑफ गाठता येते, अट एवढीच की चाल झपाट्याची हवी. ८:०० वेगाने सलग धावणारा माणूस शेवटच्या ६ किमीमध्ये रेंगाळत किलोमीटरला १२ मिनिटांवर आला तर त्याची सरासरी सुमारे ९:०८ निघते, म्हणजे २:१ धाव-चालीपेक्षा वाईट.

कोणतं प्रमाण घ्यायचं ते लाँग रनमध्ये ठरवा. शेवटच्या अर्ध्या तासात तेच प्रमाण टिकलं तर ते तुमचं. घड्याळाला थरथरणारा गजर लावा, आवाजाचा नको, बाजूच्यांना त्याचा त्रास होतो. आणि चालायचा पहिला टप्पा पहिल्याच किलोमीटरमध्ये घ्या. ताजेतवाने असताना चालणं नको वाटतं आणि लोक पहिले पाच किमी सलग धावून टाकतात. मग पुढच्या टप्प्यांना अर्थच राहत नाही.

चालण्याचा वेग कसा वाढवायचा?

हा सर्वांत दुर्लक्षित सराव आहे. ताशी ५ किमीची चाल ५.५वर आणली की चालण्याच्या प्रत्येक किलोमीटरला एक मिनिटाहून जास्त वाचतं. आठवड्यातून एकदा ३० मिनिटं फक्त वेगाने चाला. पावलं लांब टाकू नका, भरभर टाका. मिनिटाला १२० ते १३० पावलं. कोपर वाकवून हात मागे जोरात न्या, पाय आपोआप जलद पडतात. लांब पाऊल टाकलं की नडगीच्या पुढचा स्नायू दुखायला लागतो, ती खूण समजा.

बूट आणि मोजे?

तीन-चार तासांत पाय सुजतात, म्हणून बोटांपुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. शर्यतीत घालायच्या बुटांवर आधी किमान एक लाँग रन झालेला असावा. मोजे सुती नकोत. सुती मोजा घाम धरून ठेवतो आणि तिसऱ्या तासाला फोड आणतो.

शर्यतीच्या दिवशी

सुरुवातीला कुठे उभं राहावं?

आपल्या वेगाच्या कोठ्यात (सुरुवातीच्या रेषेमागे वेगानुसार आखलेल्या जागेत), आणि त्याच्याही मागच्या बाजूला, कडेला. पुढे घुसून दोन मिनिटं वाचतात खरी, पण भोवतालच्यांच्या वेगाने ओढले जाऊन पहिले दोन किमी तुम्ही एक-दीड मिनिट जलद धावता आणि त्याची किंमत पंधराव्या किमीनंतर मोजता. अपवाद एकच: कट-ऑफ बंदुकीपासून असेल आणि तुम्ही अगदी काठावर असाल, तर शेवटच्या कोठ्याच्या पुढच्या कडेला उभे राहा.

बिब कुठे लावावा?

छातीवर किंवा पोटावर, समोर, सपाट, चारही कोपऱ्यांना पिना. चिप बिबच्या मागे चिकटवलेली असेल तर ती दुमडू नका आणि तिच्यावर फोनचा पट्टा, पाण्याची बाटली किंवा जॅकेट येऊ देऊ नका. पाणी आणि धातू दोन्ही त्या चिपचा सिग्नल अडवतात. 'मी धावलो पण निकालात नाव नाही' या तक्रारींमागे अनेकदा हेच कारण निघतं.

पेसरबरोबर राहावं का?

शेवटचा पेसर, म्हणजे ठरलेल्या वेळेत संपवण्यासाठी एकसारख्या वेगाने धावणारा सोबती, असेल तर त्याला आधी दोन गोष्टी विचारा: तो सलग धावणार की धाव-चाल करणार, आणि वेळ गन टाइमवर धरणार की चिप टाइमवर. त्याची पद्धत तुमच्याशी जुळत नसेल तर त्याला नजरेच्या टप्प्यात ठेवा, पण आपल्या लयीनेच जा.

पाणी किती प्यावं?

इथे थोडं थांबू, कारण चुकीचा सल्ला सर्वांत जास्त याच बाबतीत दिला जातो आणि तो संथ धावपटूंनाच बाधतो.

'तहान लागायच्या आधी प्या', 'प्रत्येक टेबलावर प्या' हे नियम वेगाने धावणाऱ्याला फारसे नडत नाहीत. तो कमी वेळ रस्त्यावर असतो, जास्त घामाघूम होतो आणि पळता पळता पाणी पिणं त्याला जमतही नाही. तुम्ही चार तास रस्त्यावर असता, प्रत्येक टेबलापाशी चालता आणि दोन-दोन कप सहज पिता. घामाने जातं त्यापेक्षा जास्त पाणी पोटात गेलं की रक्तातलं सोडियम पातळ होतं. याला हायपोनॅट्रेमिया म्हणतात, आणि तो जीवघेणा ठरू शकतो. २००२च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं तेव्हा १३ टक्क्यांमध्ये सोडियम कमी आढळलं. शर्यतीत वजन वाढणं आणि चार तासांहून जास्त वेळ लागणं या दोन्ही गोष्टींचा त्याच्याशी संबंध दिसला.

म्हणून तहान लागेल तसं प्या. तासाला ४०० ते ८०० मिलिलिटर ही साधारण चौकट. वजनाने हलके, संथ आणि थंड हवेत धावणारे खालच्या टोकाला, उष्ण दमट हवेत जास्त घाम येणारे वरच्या. आपला आकडा काढायला लाँग रनच्या आधी आणि नंतर कमीत कमी कपड्यांत वजन करा. वजन १ किलो घटलं तर साधारण १ लिटर पाणी कमी पडलं. वजन वाढलं तर तुम्ही जास्त पीत आहात, लगेच कमी करा. मिठाच्या गोळ्या घेतल्या म्हणून जास्त पाणी पिणं सुरक्षित होत नाही.

बोटं सुजून अंगठी घट्ट होणं, पोट डचमळणं, डोकं दुखणं, उलटी, गोंधळल्यासारखं वाटणं: ही लक्षणं दिसली तर आणखी पाणी पिऊ नका, थेट वैद्यकीय तंबूत जा. आणि शर्यतीआधी किंवा शर्यतीत आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या घेऊ नका. घाम गाळणाऱ्या शरीरात त्या मूत्रपिंडांवर ताण आणतात.

खायचं काय आणि कधी?

शर्यतीच्या दोन-तीन तास आधी सवयीचा, कमी तंतूंचा नाश्ता, वजनाच्या प्रत्येक किलोमागे १ ते २ ग्रॅम कर्बोदकं. रस्त्यावर तासाला ३० ते ६० ग्रॅम. एका जेलमध्ये (पुडीतल्या घट्ट गोड पाकात) साधारण २० ते २५ ग्रॅम असतात, म्हणून पहिलं जेल ४० मिनिटांनी आणि नंतर दर ३० ते ४० मिनिटांनी. साडेतीन तासांसाठी ४ ते ६ जेल लागतात. वेगवान धावपटू हाफमध्ये दोन जेलवर भागवतो आणि तोच सल्ला तुम्हालाही देतो. दोनवर तुम्ही अडीचाव्या तासाला रिकामे होता. जेल साध्या पाण्याबरोबर घ्या. गोड पेयाबरोबर घेतलं तर पोटात साखर इतकी दाटते की पोट बिघडतं. सगळी जेलं घरूनच न्या. मागच्यांपर्यंत टेबलावरची शिल्लक राहतेच असं नाही.

पाण्याची टेबलं रिकामी झाली तर?

असं होतं. विशेषतः उन्हाच्या दिवशी, कारण पुढचे धावपटू अंगावर ओतायला कप उचलतात. ५०० मिलिलिटरची बाटली किंवा कमरपट्टा बाळगा आणि ती शेवटची राखीव म्हणून धरा. टेबलावर पाणी दिसलं की तिथलंच प्या आणि बाटली भरून घ्या. कपात साधारण १०० ते १५० मिलिलिटर असतं, त्यावरून अंदाज येतो. टेबलावर कप संपलेले असतात पण मोठ्या डब्यात पाणी उरलेलं असतं, असंही अनेकदा होतं. तेव्हा बाटली पुढे करा. कोणत्या टेबलावर किती वाजता पाणी संपलं होतं ते शर्यतीनंतर आयोजकांना कळवा. पुढच्या वर्षीचा हिशोब त्यावरूनच सुधारतो.

ऊन वाढतं त्याचं काय?

पुढचे लोक गारव्यात संपवतात, तुमचा शेवटचा तास दिवसाच्या तापलेल्या भागात जातो. हवामानाचा अंदाज सुरुवातीच्या वेळेचा बघू नका, तुम्ही संपवणार त्या वेळेचा बघा. टोपी, सनस्क्रीन, हलके सैल कपडे. डोक्यावर, मानेवर, हातांवर पाणी ओता, पण बुटांत जाऊ देऊ नका. ऊन तापलं की वेगाचा हट्ट सोडा आणि चालण्याचे टप्पे वाढवा.

शेजारचा धावपटू अडखळत असेल, असंबद्ध बोलत असेल, विचित्र चिडत असेल तर तो उष्माघात असू शकतो. त्याला थांबवा, सावलीत न्या, मदत बोलवा आणि मिळेल त्या थंड पाण्याने लगेच भिजवायला सुरुवात करा. रुग्णवाहिकेची वाट पाहत बसू नका, आधी थंड करणं महत्त्वाचं.

कातडी सोलवटते आणि फोड येतात.

तासाभराच्या रनमध्ये जे जाणवतही नाही ते तिसऱ्या तासाला रक्त काढतं. मांड्यांच्या आतल्या बाजूला, काखेत, स्तनाग्रांवर, ब्राच्या पट्ट्याखाली, कमरपट्ट्याच्या जागी निघण्यापूर्वी पेट्रोलियम जेली किंवा घर्षणरोधक मलम भरपूर लावा. मांड्या एकमेकींना घासत असतील तर मांडीवर घट्ट बसणारी लांब शॉर्ट्स हा पक्का उपाय आहे. मलमाची छोटी पुडी खिशात ठेवा, कारण पाणी ओतल्यावर पहिला थर धुऊन जातो.

पायाला एखादी जागा गरम लागली की तिथेच थांबा, मोजा काढून पट्टी लावा. दोन मिनिटं जातील. तसंच पुढे गेलात तर लंगडत पंधरा जातील.

स्वच्छतागृह?

सुरू होण्याच्या ४५ मिनिटं आधी रांगेत लागा. मागच्यांच्या वेळेपर्यंत मार्गावरच्या स्वच्छतागृहांत कागद संपलेला असतो, म्हणून टिश्यू प्लास्टिकच्या पिशवीत घालून जवळ ठेवा.

चालायला लागताना मागच्यांना अडथळा होऊ नये म्हणून?

हात वर करा, मागे बघा, कडेला या, मग चाला. टेबलाच्या सुरुवातीला थांबू नका, शेवटच्या टोकाशी कप घ्या. दोन फेऱ्यांच्या शर्यतीत पुढचे धावपटू तुम्हाला ओलांडणार, तेव्हा आयोजकांनी सांगितलेल्या बाजूला राहा आणि दोघा-तिघांनी रांगेत शेजारी शेजारी धावू नका. एक इअरफोन काढून ठेवा.

शेवटचे किलोमीटर

रस्ते वाहतुकीला खुले झाले तर?

लगेच पदपथावर चढा. पदपथ नसेल तर समोरून येणारी वाहनं दिसतील अशा बाजूने धावा. या क्षणापासून तुम्ही शर्यतीतले धावपटू नसून पादचारी आहात. सिग्नलला थांबा, तो वेळ गेला तर जाऊ द्या. मार्शलही एव्हाना निघून गेलेले असू शकतात, म्हणून मार्गाचा नकाशा आदल्या रात्री फोनमध्ये इंटरनेटशिवाय उघडेल असा ठेवा. १० किमी आणि हाफचा मार्ग जिथे फुटतो तिथे विशेष जपा, समोर कुणी दिसत नसताना चूक तिथेच होते. वाट चुकलात तर जिथून चुकलात तिथे परत या आणि तिथून पुढे जा. जवळच्या रस्त्याने गेलात तर अंतिम रेषेवर ते स्वतःहून सांगा.

स्वीप गाडी (मागे पडलेल्यांना उचलणारी गाडी) मागे आली. आता?

चालकाला विचारा: बसणं सक्तीचं आहे, की बिब काढून स्वतःच्या जबाबदारीवर पुढे जाता येईल? सक्तीचं असेल तर वाद घालू नका. तो माणूस पोलिसांनी ठरवून दिलेल्या वेळेला बांधलेला असतो. पर्याय असेल तर स्वतःला विचारा की पाणी, फोन आणि रस्ता तिन्ही आहेत का. तिन्ही असतील तरच पुढे जा. गाडी अजून दोनशे-तीनशे मीटर मागे असेल तर घाबरून पळू नका. धाव-चालीचं प्रमाण एका पायरीने वर न्या, १:१ असेल तर २:१ करा, आणि १५ मिनिटांनी पुन्हा अंतर बघा. घाबरून मारलेली दौड किलोमीटरभरात संपते आणि गाडी गाठतेच.

थांबायचं कधी?

छातीत दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी, घाम अचानक बंद होऊन थंडी वाजणं, लघवी गडद तपकिरी होणं, चालताना पाऊल वाकडं पडेल इतकं दुखणं. यातलं काहीही झालं तर थांबा आणि मदत घ्या. केवळ थकवा, जड पाय, कंटाळा यांसाठी मात्र थांबू नका. दहा मिनिटं फक्त चाला, एक जेल घ्या, मग ठरवा.

शेवटचा नंबर आला तर?

येऊ शकतो. कुणाचा तरी येतोच. ज्याने कट-ऑफच्या आत अंतर पूर्ण केलं त्याचं अंतर पहिल्या आलेल्या धावपटूइतकंच आहे, आणि ते त्याने कमी पाण्यात, जास्त उन्हात, रिकाम्या रस्त्यावर पूर्ण केलेलं असतं. आमचं ठाम मत आहे की शेवटच्या माणसासाठी अंतिम रेषा उभी ठेवणं हे आयोजकांचं कर्तव्य आहे, त्यात मेहरबानी नाही. त्याने इतरांसारखंच शुल्क भरलेलं असतं.

पोहोचलो तेव्हा मॅट उचललेली होती. निकाल मिळेल का?

कट-ऑफच्या आत असाल तर मिळायला हवा. घड्याळातली नोंद लगेच थांबवा आणि जतन करा, अंतिम कमानीचा किंवा तिच्या जागेचा वेळ दिसेल असा फोटो काढा, तिथे असलेल्या अधिकाऱ्याला बिब क्रमांक लिहून घ्यायला सांगा. त्याच दिवशी टायमिंग करणाऱ्या कंपनीला आणि आयोजकांना बिब क्रमांक, सुरुवातीची आणि शेवटची वेळ, जीपीएस नोंदीचा दुवा आणि फोटो पाठवा. वाटेतल्या मॅटवर तुमची नोंद असेल तर काम सोपं होतं. मेडल संपले असतील तर ते घरी पाठवण्याची मागणी त्याच ईमेलमध्ये करा, वेगळी नको.

शर्यत संपल्यावर लगेच काय करावं?

बसू नका. दहा-पंधरा मिनिटं चालत राहा. अचानक थांबलं की रक्त पायांत साचतं आणि चक्कर येते. ओले कपडे बदला. अर्ध्या-एक तासात कर्बोदकं आणि प्रथिनं दोन्ही असलेलं काहीतरी खा, पाणी तहानेप्रमाणे. तंबू आवरले जाण्याची शक्यता असल्याने कोरडा टी-शर्ट आणि खाणं सामानाच्या पिशवीत आधीच ठेवलेलं बरं. सामान कक्ष किती वाजता बंद होतो तेही सकाळीच बघून ठेवा.

पुढची शर्यत किती दिवसांनी?

हाफनंतर पहिला आठवडा फक्त चालणं आणि दोन-तीन छोटे सावकाश रन, फुलनंतर हेच दोन ते तीन आठवडे. नंतर हाफसाठी किमान सहा आठवड्यांचं आणि फुलसाठी चार-पाच महिन्यांचं अंतर ठेवा. वेळ मोजताना गेल्या शर्यतीची एकूण वेळ बघू नका. पहिले आणि शेवटचे ५ किमी यांची तुलना करा. शेवटचे ५ किमी पहिल्यांपेक्षा ५ मिनिटांहून जास्त हळू गेले असतील तर पुढच्या वेळी वेग वाढवण्याआधी चालण्याचे टप्पे लवकर सुरू करा आणि जेल एकाने वाढवा. फरक दोन मिनिटांच्या आत असेल तर धावण्याचा टप्पा ३० सेकंदांनी लांबवून लाँग रनमध्ये तपासून पाहा.